राणी कोणाची कोण

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, बाहेरच्या बाकावर, मांडीवर कवळीचा डबा धरून तो बसला होता. शेजारच्या खुर्चीत दहा-अकरा वर्षांची एक मुलगी डोळे मिटून झुलत झुलत पाठ करत होती, "तिच्या होकारावाचून राज्यात पान हलत नसे. तिच्या होकारावाचून राज्यात पान हलत नसे." पहिल्यांदा ते शब्द कानावरून नुसते गेले. दवाखान्यात काय, कोणी ना कोणी काहीतरी पुटपुटतच असतं. दात दुखला की माणसं देवाला नाहीतर स्वतःलाच बोलतात. दुसऱ्यांदा मात्र त्याच्या मानेवरून सर्रकन काटा गेला. वाक्य त्याचं होतं. सहा शब्द, आणि सहाही शब्दांची जागा त्याला ठाऊक होती. हे वाक्य राखण्यासाठी तो नऊ वर्षांपूर्वी आठवडाभर भांडला होता. इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात पानं हलवू नयेत, असं तिथल्या दुसऱ्या संपादकाचं म्हणणं. सरळ लिहा की राणीची संमती आवश्यक असे. ह्यानं उलट लिहिलं होतं की संमती आवश्यक असे म्हटलं तर वाचणाऱ्याला अर्ज दिसतो, शिक्का दिसतो. आणि तिथे तर एक बाई नुसती मान हलवत होती. अखेर समोरचाच कंटाळला, वाक्य राहिलं. आणि आज ते एका परक्या मुलीच्या तोंडातून, तिच्या दातांवरच्या तारांमधून अडखळत बाहेर पडत होतं. आपण केलेली कवळी लावून कोणी रस्त्यात हसताना दिसलं की व्हायचं तसं त्याला झालं. इकडेतिकडे पाहून कोणाला तरी सांगावं, आणि सांगू तर नयेच.

एकतीस वर्षं तो कवळ्या करत होता. लॅब म्हणजे दोन खोल्या. एकीत प्लास्टरची धूळ, दुसरीत मेणाचा वास. डॉक्टरांकडून माणसांच्या जबड्यांचे ठसे यायचे, त्यांवर तो मेणाची हिरडी चढवायचा, तिच्यात एकेक दात बसवायचा. माणूस कधी दिसायचा नाही, नुसतं त्याचं तोंड. लॅबमधले सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण दुसऱ्याने बसवलेला दात केसभर वाकडा असला तरी त्याला खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसायचा आणि दिसला की तो बोलल्याशिवाय राहायचा नाही. दुपारी एक ते दोन बाकीचे डबा खाऊन डुलक्या काढायचे तेव्हा तो कोपऱ्यातल्या संगणकावर आपल्या भाषेतल्या ज्ञानकोशात आफ्रिकेचा इतिहास लिहायचा. फुकट. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारत नव्हतं. तिथे त्याने नाव घेतलं होतं 'दंतकथा'. धंद्यावरून घेतलं, गंमत म्हणून. नंतर ते अंगाशी आलं, कारण वाद झाला की समोरचा पहिल्या फटक्यात म्हणायचा, नावच दंतकथा, हे काय पुरावा देणार! म्हणून तो इतरांपेक्षा दुप्पट पुरावे देत आला. तीनशे बारा लेख झाले होते. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. त्याचं पोट दात कोरूनच भरत होतं, आणि पोट भरल्यावर जे काही उरतं ते ह्या लेखांनी भरत होतं.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. एका दुपारी तो कशाचंतरी स्पेलिंग पाहायला गेला आणि भलत्याच पानावर जाऊन पडला. ग्रेट झिंबाब्वे. पानावर एकच ओळ. 'हे आफ्रिकेतील एक प्राचीन शहर आहे.' खाली सूचना, हा लेख अपूर्ण आहे. बस्स. त्याने परभाषेतलं पान उघडलं आणि तासभर उठलाच नाही. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड बसवून उभी केलेली भिंत, काही ठिकाणी अकरा मीटर उंच, आणि शेकडो वर्षं उभी. बाहेरून आलेल्या लोकांनी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगितलं होतं की हे इथल्या माणसांचं काम असूच शकत नाही. असू शकत नाही म्हणजे? दगडाला दगड बेमालूम बसवणं काय असतं ते त्याच्या बोटांना माहीत होतं. शाळेत भूगोलाच्या गुरुजींनी फळ्यावर आफ्रिका काढून मधोमध एक सिंह काढला होता आणि हात झटकत म्हटलं होतं, इथे प्राणी आहेत, इतिहास नाही. सिंह छान काढला होता. त्यानेही वहीत तसाच काढला, आयाळीला पिवळा रंग दिला, आणि चाळीस वर्षं तो सिंह तिथे तसाच बसून राहिला. त्या दुपारनंतर मात्र ती एक ओळ त्याला स्वस्थ बसू देईना. पडलेल्या दाताच्या जागी जीभ सारखी जाते, तसं त्याचं मन तिथे जाऊ लागलं. आठवडाभराने त्याने दुसरी ओळ लिहिली, मग तिसरी. मग अक्सूमची सोन्याची नाणी आली, किल्वाची पोवळ्याच्या दगडाची घरं आली, टिंबक्टूच्या घराघरांत पेट्यांमध्ये पिढ्यान्पिढ्या जपलेल्या पोथ्या आल्या. आणि तळ्याकाठच्या एका लहानशा राज्यावरचा तो लेख, जिथे राजाशेजारी एक राणी बसत असे. तीनशे बारांतला तो एकच लेख असा, की ज्याला ज्ञानकोशातल्या मंडळींनी 'उत्कृष्ट' म्हणून वर कोपऱ्यात तारा लावला होता.

"कुठून पाठ करतेस गं?" त्याने विचारलं.

मुलीने डोळे उघडले आणि पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवलं. जगभरच्या राण्यांवरचं जाड, रंगीत पुस्तक. "वक्तृत्वस्पर्धा आहे शुक्रवारी. मला ही राणी आलीये. माझ्या मैत्रिणीला चांगली प्रसिद्ध आलीये."

तेवढ्यात डॉक्टर कवळी घ्यायला बाहेर आले. ते मुलीच्या आईला म्हणाले, "अहो, ह्यांनाच विचारा ना! मास्तरांचा आफ्रिकेचा अभ्यास आहे. आमच्याकडे दात, घरी साम्राज्यं."

मुलगी सरसावून बसली. "मग राणीचं लग्न कुठल्या साली झालं? पुस्तकात दिलंच नाहीये. बाई म्हणतात, साल घातलं की भाषणाला वजन येतं."

"उद्या-परवा सांगतो," तो म्हणाला, आणि खरंच खुशीत होता. त्याने पुस्तक मागून घेऊन ते पान चाळलं. बहुतेक मजकूर त्याच्याच लेखातला, वाक्यं थोडी मागेपुढे केलेली. चोरी म्हणावी तर ज्ञानकोश सगळ्यांसाठी खुलाच असतो. फक्त जिथे त्याने 'राजाची पट्टराणी' एवढंच लिहिलं होतं, तिथे पुस्तकाने मजला चढवला होता. राजाचं तिच्यावर जिवापाड प्रेम होतं. तळ्याकाठी चांदण्यात दोघं फिरत. शेजारी चित्र, राजा तिच्या केसांत फूल खोवतोय. त्याला हसू आलं. लेकरांचं पुस्तक, चालायचंच.

दुसऱ्या दिवशी लॅबमधून तासभर लवकर निघून तो शहराच्या ग्रंथालयात गेला. नऊ वर्षांपूर्वी ज्यावरून लिहिलं होतं ते पुस्तक त्याच कपाटात, त्याच जागी होतं. मधल्या काळात कोणी हात लावल्याची खूण नव्हती. ग्रंथालयातली दुपार त्याला फार आवडायची. पंख्याखाली पानं फडफडतात, दूरच्या टेबलावर कोणीतरी पेन्सिलला टोक करतं, आणि आपण इथून हजारो कोसांवरच्या कुठल्या तळ्याकाठी कोणी कोणाला काय म्हटलं ह्याच्यात गर्क. त्याने सूचीत 'विवाह' शोधलं. राणीच्या नावापुढे नव्हतं. प्रकरण पुन्हा वाचलं. राजाचे विवाह होते, एकापेक्षा जास्त, पण त्यांत ही नव्हती. मग त्याने शेवटच्या टिपांकडे बोट नेलं. त्या वेळी पुस्तक चौदा दिवसांच्या बोलीवर मिळालं होतं आणि बारीक अक्षरातली टिपांची पन्नास पानं त्याने सोडून दिली होती. टीप सत्तेचाळीस. दीड ओळ. राजाशेजारी बसणारी स्त्री ही त्याची पत्नी नसे. ती त्याची बहीण असे, एका आईची. वाचकांनी 'राणी' शब्दाने फसू नये.

फसू नये. त्याला वाटलं, ते दोन शब्द कोणीतरी खास त्याच्यासाठी छापून ठेवले आणि नऊ वर्षं त्याची वाट पाहिली. चेहरा गरम झाला. पंख्याचा आवाज एकाएकी मोठा वाटू लागला. त्या भागातल्या किती राज्यांत राजाची बहीण किंवा आई अशी सिंहासनाशेजारी बसायची, हे त्याने पुढे दुसऱ्या लेखांत स्वतःच लिहिलं होतं. तरी मागे वळून हा लेख पाहायचं त्याला सुचलं नव्हतं, कारण त्यावर तारा होता. मूळ ग्रंथात 'पट्टराणी' असा शब्दच नव्हता. राणी म्हटल्यावर राजाची बायको, दुसरं कोण असणार, म्हणून त्याच्या हाताने तो आपसूक लिहिला. त्याला कोणी फसवलं नव्हतं. त्याच्या हाताला जी सवय होती तिनेच लिहिलं. तोही गुरुजींसारखाच, मोकळी जागा दिसली आणि सिंह काढून मोकळा झाला.

घरी आला तेव्हा अक्का खिडकीशी बसून त्याच्या पिशवीची चेन दुरुस्त करत होती. अक्का त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि अक्का पंधराची. वडील फिरतीवर असत. शाळेच्या दाखल्यावर सही करायला, तापात कपाळावर पट्ट्या ठेवायला, पालकसभेत मोठ्या बायकांच्या मधोमध वेणीतली रिबन लपवत बसायला ती. पुढे टेलिफोन खात्यात लागली. स्थळं यायची, ती म्हणायची, आधी ह्याचं मार्गी लागू दे. ह्याचं मार्गी लागलं तोवर स्थळं यायची थांबली. त्याचंही लग्न राहून गेलं. का ते त्याला नीट सांगता आलं नसतं. दुःखाने नाही. जशी एखादी खोली रिकामीच बरी वाटते, हवा खेळते, तसं. दोघं आयुष्यभर एकत्रच राहत आले होते, आणि नव्या जागेत आल्यापासून कोपऱ्यावरचा दुकानदार अक्काला वहिनी म्हणत होता. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा ती जिन्यात बसून हसली होती. "सांगायचं ना त्याला," हा म्हणाला होता. "कोणाकोणाला सांगत फिरू? तो काय माझी वंशावळ छापणार आहे?"

आणि तो आजारपणातला प्रसंग. पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला आत नेत होते, आणि खिडकीतल्या कारकुनाने अक्काला न विचारताच कागदावर लिहून टाकलं, रुग्णाशी नातं, पत्नी. अक्काने वाचलं आणि एक क्षण पेन तसंच धरून ठेवलं. खोडाखोड केली असती तर पुन्हा नवा कागद, पुन्हा रांग, आणि हा तिकडे पोट धरून आडवा. तिने सही केली. स्ट्रेचरवरून त्याला ते दिसलं होतं. त्यानेही ते तसंच राहू दिलं. कुठल्याशा कपाटात तो कागद अजून असेल, आणि त्यावर अक्का कोणाची कोण ते आजही चुकीचंच लिहिलेलं असेल. हे आठवलं तेव्हा त्याला ग्रंथालयात आली त्याहून जास्त लाज वाटली. जगात ही चूक करू नये असा एखादा माणूस असेलच, तर तो आपण होतो.

गुरुवारी दुपारी त्याने डबा तसाच ठेवला आणि लेख उघडला. पट्टराणी काढून 'सहोदर बहीण' लिहिलं, टीप सत्तेचाळीसचा संदर्भ दिला. वीस मिनिटांत बदल उलटवला गेला. उलटवणारी व्यक्ती 'टाचणी'. टाचणी म्हणजे बाई की बुवा, तरुण की म्हातारं, कोणालाच माहीत नव्हतं. पण ज्ञानकोशात कुठेही हवा भरलेली दिसली की टाचणी हजर. तिला नियम शिकवले होते ह्यानेच. आता तिने लिहिलं होतं, 'ग्रंथाच्या टिपेविरुद्ध अलीकडचा छापील संदर्भ लेखात आधीच आहे. तो न खोडता माहिती कशी बदलली? नियम सर्वांना सारखा.' खाली पाहिलं तर खरंच, तीन महिन्यांपूर्वी कोणीतरी पट्टराणीला संदर्भ जोडला होता. ते रंगीत राण्यांचं पुस्तक. फुलाच्या चित्रासकट.

तो खुर्चीत मागे रेलून बसला. त्याची चूक पुस्तकात गेली होती, आणि पुस्तक आता त्याच्या चुकीला साक्षीदार म्हणून उभं होतं. बाहेरच्या खोलीत गरम पाण्यात कवळी शिजत होती, तिचा खुळखुळ आवाज येत होता. मेणात असताना दात हलवता येतो; एकदा शिजलं की ती गुलाबी हिरडी दगडासारखी होते, मग कानशीने घासायचं नाहीतर फोडायचं. वाट सोपी होती. 'नव्या संशोधनानुसार' एवढे दोन शब्द टाकले असते तर कोणी विचारलं नसतं. संशोधन नवं नव्हतं, चाळीस वर्षं जुनं होतं, पण कोण पाहायला जाणार? तारा राहिला असता. दंतकथा हे नाव राहिलं असतं. त्याने ते दोन शब्द टाइपही केले. मग बराच वेळ तो त्यांच्याकडे पाहत राहिला, एखाद्या वाकड्या दाताकडे पाहावं तसा. खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही दिसला असता.

त्याने ते पुसले आणि चर्चेच्या पानावर लिहिलं, 'टाचणी, ते पुस्तक पुरावा होऊ शकत नाही, कारण त्यात आहे ते माझंच आहे. जुन्या आवृत्त्या पाहा, हे वाक्य मी नऊ वर्षांपूर्वी लिहिलं, पुस्तक गेल्या वर्षीचं आहे. मी मूळ ग्रंथ वाचला, टिपा वाचल्या नाहीत. राणी म्हणजे बायकोच, असं गृहीत धरलं. चूक माझी. तारा काढावा.' खाली सही केली, दंतकथा, आणि डबा उघडला. जेवण गार झालं होतं, पण भूक चांगली लागली होती.

मग डॉक्टरांकडून मुलीच्या आईचा नंबर घेऊन त्याने फोन केला. मुलगीच आली फोनवर.

"लग्न झालंच नव्हतं तिचं त्याच्याशी," तो म्हणाला. "ती राजाची बहीण होती."

पलीकडून लगेच आलं, "पण माझं पाठ झालंय! आणि स्पर्धा उद्या आहे!"

"एकच शब्द बदलायचाय. आणि चांदणं काढून टाक."

"चांदणं माझं सगळ्यात चांगलं होतं," ती रडवेली झाली. मग म्हणाली, "पण बहीण असली तर मग बरोबरच आहे. मला पण कळेना, राणी म्हणून तिचं ऐकतात की बायको म्हणून. माझा दादा मात्र मला काहीच विचारत नाही. मग मी सांगू का शेवटी, की पुस्तकात चूक आहे?"

"सांग. पण पुस्तकाचीच नाही, ज्याच्यावरून पुस्तकाने घेतलं त्याचीही आहे."

"तो कोण?"

"मी," तो म्हणाला.

मुलगी एवढ्या जोरात हसली की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला. "मोठ्या माणसांनी असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकतेय," ती म्हणाली.

शनिवारी तारा गेला. कोपऱ्यात जिथे तो असायचा तिथे आता नुसतं पांढरं होतं. त्याला वाटलं होतं, बघवणार नाही. पण लेख आधीपेक्षा मोकळा दिसत होता. टाचणीने पट्टराणी काढली होती, त्या पुस्तकाचा संदर्भ काढला होता, आणि पान हलण्याचं वाक्य मात्र तसंच ठेवलं होतं. चर्चेत तिची एक ओळ होती, 'बाकीच्या तीनशे अकरांचं काय?' त्याने लिहिलं, 'सगळे पुन्हा तपासतो. टिपांसकट. दिवसाला एक धरला तरी वर्ष जाईल.' पाच मिनिटांनी उत्तर आलं. 'अर्धे मला द्या. माझ्या आईचं वाचन दांडगं आहे, ती पण बसेल.' म्हणजे टाचणीला आई होती. इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. कुठल्याशा घरात एक म्हातारी बाई आता चष्मा पुसून अक्सूमच्या नाण्यांकडे बघणार होती. त्याला एकाएकी फार बरं वाटलं.

रविवारी सकाळी त्याने अक्काला सगळं सांगितलं. ग्रंथालय, टीप, टाचणी, मुलगी. तो आपल्या लेखांबद्दल घरी फारसं बोलत नसे, आणि तीही विचारत नसे. तिच्या लेखी तो दुपारी संगणकावर काहीतरी लिहितो, पत्ते खेळत नाही, एवढं पुरे होतं. आज तिने हातातलं काम खाली ठेवून ऐकलं.

"म्हणजे नऊ वर्षं त्या बिचारीला तू भावाची बायको करून ठेवलंस?"

"हो."

"शाब्बास!" अक्का म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. पाणी पिऊन ती म्हणाली, "आणि ती कधी काही बोलली नाही."

"ती कशी बोलणार? तिला मरून शेकडो वर्षं झाली."

"मी आपलं म्हणतेय." तिने रिकामा पेला खिडकीत ठेवला. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. "धाकटा होता का रे, तो राजा? तिच्याहून?"

"ते दिलेलं नाही."

"धाकटाच असणार," अक्का म्हणाली. "थोरला भाऊ कशाला विचारतोय." मग खुर्ची ओढत ती घरच्या संगणकाशी आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, आणि त्याच्या शेजारी टेकली. "काय ते तपासायचंय म्हणालास ना? वाच. मोठ्याने वाच, माझा चष्मा आत आहे."

त्याने यादीतला पहिला लेख उघडला, घसा साफ केला आणि वाचायला लागला. वाळवंट ओलांडून मीठ आणणाऱ्या तांड्यांवरचा लेख होता तो. त्याला वाटलं, दोन परिच्छेदांत तिला कंटाळा येईल. तिसऱ्याच वाक्याला अक्काने हात वर केला.

"थांब. उंट दिवसाला इतकं चालतात, हे कशावरून?"

त्याने खाली पाहिलं. संदर्भ नव्हता. वाक्य सुरेख होतं, ठामही होतं, आणि खाली काहीच नव्हतं. कुठे वाचलं होतं ते त्याला आठवेना. अक्का वाट पाहत होती, हनुवटीला हात लावून, अजिबात घाई नसल्यासारखी.

"माहीत नाही," तो म्हणाला, आणि वही पेन शोधायला इतक्या उत्साहाने उठला की खुर्ची मागे कलंडली.